फोटोतली मागची माणसं

इतिहास मंडळाच्या दोन खोल्या जुन्या पोस्टाच्या वर होत्या. जिना इतका उभा की वर पोचेपर्यंत माणूस स्वतःच इतिहासजमा व्हायचा, असं लोक म्हणत. बाटलीकाकू मात्र तो कठड्याला हात न लावता चढल्या. मागून टॅक्सीवाला त्यांची पत्र्याची पेटी घेऊन धापा टाकत आला.

बाटलीकाकू हे नाव त्यांना कारखान्यामुळे पडलं होतं. काचेच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात बाटल्या तपासण्यात घालवली. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला काढायची. नवख्या माणसाला नावाचा भलताच अर्थ लागायचा आणि तो त्यांच्याकडे जरा बिचकूनच बघायचा. काकूंनी कधी कुणाला खुलासा केला नाही. त्यांना त्यात थोडी मजाच वाटे.

आता त्या गाव सोडून लेकीकडे राहायला जाणार होत्या. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. लेकीचं घर लहान. "आई, तुझे कपडे आण, तुझी खुर्ची आण, पण ती फोटोंची पेटी कुठे ठेवू गं मी?" ती फोनवर म्हणाली होती. बोलणं खोटं नव्हतं. तरी काकूंना ते दोन दिवस लागून राहिलं, आणि मग त्यांनी मंडळाला फोन केला.

मंडळाचे चिटणीस शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गाव त्यांना नकाशामास्तर म्हणे. काकांची आणि त्यांची जुनी मैत्री.

"या वहिनी. पेटी इथे टेबलावर. सावकाश."

मास्तरांनी हातात पांढरे सुती मोजे घातले आणि एकेक फोटो उचलून उलटा करून बघायला लागले.

"मागे शाईने लिहिलंय."

"ह्यांचं काम," काकू म्हणाल्या. "ह्यांना सगळ्यावर लिहायची सवय. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरसुद्धा आत काय आहे ते लिहायचे. आणि आत निघायचं भलतंच."

मास्तर हसले. फोटोंच्या खाली कागद होते: लग्नाचा दाखला, सासऱ्यांचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, दोघांची कारखान्याची ओळखपत्रं. काका त्याच कारखान्यात आरेखक होते. सेकंडहँड कॅमेरा घेऊन सुटीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना मागच्या अंगणात उभं करायचे, आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कुणी कुरकुर केली तर त्यालाच सगळ्यात पुढे बसवायचे.

मास्तरांनी दानपत्र पुढे केलं. 'कायमस्वरूपी' या शब्दावर काकूंचं बोट थांबलं.

"म्हणजे परत मागता येणार नाहीत."

"बघता येतील, वहिनी. केव्हाही. पण नेता नाही येणार."

काकूंनी सही केली. पेन ठेवून त्या उठणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "तुम्ही गावाला काय दिलंत ते तुम्हाला कळलंय का, मला शंका आहे. त्या मोठ्या पुराने खालच्या गल्लीत एकाही घरात फोटो ठेवला नाही. सगळा चिखल झाला. तुम्ही राहायला वरच्या मजल्यावर, म्हणून ही पेटी राहिली. ती गल्ली आता फक्त हिच्यात आहे."

"आमच्या घरच्यांचे फोटो आहेत हो ते. गल्लीचे कुठे?"

"पुढच्या रविवारी मांडतोय सगळे. या, मग बघा."

त्या रविवारी काकू ठेवणीतले कपडे घालून गेल्या. शेवटी प्रदर्शन त्यांच्या सासरच्या माणसांचं होतं. त्यांनी मनाशी तयारी केली होती: हे माझे सासरे, ही नणंद, हे चुलतसासरे, यांना फार राग यायचा. कुणी विचारलं तर सांगायचं.

कुणी विचारलंच नाही. खोली माणसांनी भरली होती आणि माणसं फोटो लावलेल्या फळ्यांना नाक लावून उभी होती, पण ती काकूंच्या घरच्यांकडे बघतच नव्हती. सासूबाई मधोमध खुर्चीत बसल्या होत्या, हनुवटी वर करून, एखादा खटला निकाली काढावा तशा. आणि लोक त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"तो बघ आपला दरवाजा. तोच. वरची फळी तुटलेली."

"हे आमचं खिडकीतलं मांजर. आई सांगायची ना, ते हे."

एक गृहस्थ चुलतसासऱ्यांच्या गुडघ्यापाशी बोट नेऊन म्हणाले, "माझी सायकल. चोरीला गेली म्हणून मी मार खाल्ला होता. ही तर तुमच्या भिंतीला टेकलीय."

काकूंना राग आला. आता सासूबाई असत्या तर त्यांनी अख्खी खोली रिकामी केली असती, असं त्यांच्या मनात आलं. त्या खुर्चीत जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मग एक म्हातारी काठी टेकत त्यांच्या शेजारच्या फळीपाशी आली. नणंदेच्या लग्नाचा फोटो होता. मागे, कोपऱ्यात, एक माणूस वाकून खुर्चीचा पाय ठोकत होता. पाठमोरा. म्हातारी इतका वेळ उभी राहिली की तिच्या नातीने दोनदा हाक मारली.

"आजी, चेहरा कुठे दिसतोय? दुसरा कुणीही असेल."

"पाठ त्यांचीच आहे," म्हातारी म्हणाली. "ही पाठ मी ओळखते. पाठ तर पाठ."

काकूंचा राग तिथेच गळून गेला. त्या उठल्या आणि आपली खुर्ची म्हातारीपुढे सरकवली.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा खोलीत एक बाई राहिली होती. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारी. काकूंच्या घराची, पेटीची, कपाटाची किल्ली तिनेच केली होती. पन्नाशी ओलांडलेली, बोटांच्या टोकांत पितळेची भुकटी मुरलेली. ती पहिल्या फळीपासून शेवटच्यापर्यंत गेली होती आणि आता परत पहिल्यापाशी उभी होती.

"काय शोधतेस गं?" काकूंनी विचारलं.

"आई," किल्लीवाली म्हणाली. "तुमच्या जिन्याखाली इस्त्री करायची ती."

इस्त्रीवाली. कोळशाची जड इस्त्री, जिन्याखालचं टेबल, ओल्या कापडाचा वाफाळता वास. पुरात गेली ती. लोकांचे कपडे वर आणून ठेवत होती. एक गठ्ठा आणला, दुसरा आणला, पुन्हा खाली उतरली ती आलीच नाही. तिला एक लहान मुलगी होती आणि त्या मुलीला तिचा मामा दुसऱ्या गावी घेऊन गेला, एवढं कानावर आलं होतं.

"ती तू? परत येऊन इतकी वर्षं माझ्या किल्ल्या करतेस, बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं होतं काकू? तुम्ही किल्ली मागायचात, मी द्यायचे." ती पुन्हा फळीकडे वळली. "मामाकडे सगळे म्हणायचे, तू अगदी आईसारखी दिसतेस. मी आरशात बघते, पण मला काय कळणार? माझ्याकडे तिचा चेहराच नाही. आणखी आहेत का हो फोटो? अंगणातले?"

"नाहीत," काकू म्हणाल्या.

ते खरं नव्हतं.

कपाटात, साड्यांच्या घडीखाली, एक जाड तपकिरी पाकीट होतं. त्यात त्यांच्या मुलाचे फोटो होते. लेकीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. चार वर्षांचा होऊन एका हिवाळ्यात तापाने गेला. पूर आला तो त्यानंतरच्या पावसात. काकांनी सगळे फोटो पाकिटात घातले, तोंड डिंकाने चिकटवलं, आणि आयुष्यात एकदाच पाकिटावर काही लिहिलं नाही. ते पाकीट कुणी उघडलं नाही. लेकीला भाऊ होता हे माहीत होतं. तो दिसायला कसा होता हे तिने लहानपणी एकदा विचारलं. काकू उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. पुन्हा तिने विचारलं नाही.

घरी येऊन काकूंनी पाकीट बाहेर काढलं आणि तसंच परत ठेवलं. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. त्या कारखान्यात पाळीवर गेल्या की पोरगं कुठे असायचं? सासूबाईंच्या गुडघ्यांना तेव्हा पोराच्या मागे धावणं झेपत नव्हतं. जिन्याखाली असायचं. इस्त्रीच्या टेबलाखाली, कपड्यांच्या गठ्ठ्यावर. काका सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन उतरायचे तेही तिथेच. म्हणजे इस्त्रीवाली त्या फोटोंत असणारच. आणि ती बाई वाहून गेली तेव्हा आपण काय करत होतो, हेही त्यांना आठवलं. काहीच करत नव्हत्या. वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. खाली गल्ली बुडाली, माणसं गेली, आणि त्यांच्या दुःखात आणखी कुणाच्या दुःखाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाजारात गेल्या. किल्लीवाली यंत्रावर किल्ली घासत होती. काकूंना बघून तिने यंत्र थांबवलं.

"कुठली किल्ली, काकू?"

"किल्ली नाही. दुकान बंद कर आणि माझ्याबरोबर चल. फोटो आहेत. काल मी नाही म्हणाले, पण आहेत. आणि ते एकटीने उघडणं माझ्याने होणार नाही."

किल्लीवालीने हात पुसले, शटर ओढलं आणि निघाली.

काकूंनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. डिंक इतका वाळला होता की पाकीट बोट लावताच उघडलं. पहिले तीन फोटो मुलाचे एकट्याचे होते. काकूंनी ते हातात धरले, उजेडाकडे केले, जसं कारखान्यात करायच्या, आणि चादरीवर ठेवले. त्यांचा चेहरा हलला नाही. किल्लीवाली त्यांच्याकडे बघत होती, फोटोंकडे नाही.

चौथ्या फोटोत मुलगा इस्त्रीच्या टेबलावर बसला होता. शेजारी एक बाई उभी होती. कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसत होती, एक डोळा उन्हाने मिटलेला. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. आणि टेबलावरच्या मुलाने त्या मुलीचं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट पकडलं होतं.

काकूंनी फोटो किल्लीवालीपुढे सरकवला. "ही."

किल्लीवालीने तो उचलला नाही. हात मांडीवर ठेवूनच वाकून बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तो आवाज बराच वेळ चालला.

"मला वाटलं होतं ती उंच असेल," शेवटी ती म्हणाली. "मामा सांगायचा, उंच होती. कधी सांगायचा, गोरी होती. कधी म्हणायचा, फार कमी बोलायची. मला बरं वाटावं म्हणून सांगायचा."

"कमी बोलायची? छे गं. जिना चढून वर येईपर्यंत तिचं बोलणं आमच्याआधी घरात पोचायचं. एवढीशी बाई, पण इस्त्री अशी उचलायची की गड्यांनी बघावं."

किल्लीवाली हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. तिने ते दंडाला पुसले, बोटांना भुकटी होती म्हणून.

"ही कडेवरची मी?"

"तू. आणि हा माझा."

"याने माझा पाय का धरलाय?"

"तो काहीही धरायचा. एकदा धरलं की सोडायचा नाही. तुझी आई त्याला मुंगळा म्हणायची." काकू थांबल्या. "मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. मुंगळाच झालं त्याचं नाव. मी इतक्या वर्षांत हा शब्द तोंडातून काढला नव्हता."

त्या दिवशी काकूंनी तिला मुंगळ्याचं सगळं सांगितलं. तो कसा आजारी पडला, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी शेवटी त्याने कुणाचं बोट धरलं होतं. किल्लीवालीने मध्ये एकदाही 'जाऊ द्या काकू' म्हटलं नाही. एवढ्यासाठीच काकूंना ती फार आवडली.

त्या आठवड्याच्या शेवटी लेक गाडी घेऊन सामान न्यायला आली. टेबलावर चादर तशीच होती, फोटोही. लेक दारातच थांबली.

"हा कोण?" तिने विचारलं, आणि मग तिचं तिलाच कळलं.

ती खुर्चीत बसली. एकेक फोटो बघितला. "याची जिवणी माझ्यासारखी आहे," ती म्हणाली. काकूंनी पाकीट कसं आणि कुणाबरोबर उघडलं ते सांगितलं. मग लेक म्हणाली, "किल्ल्या करणाऱ्या बाईला दाखवलेस. मला नाही दाखवलेस."

"तिने मागितले."

"मीही मागितले होते, आई. मी आठ वर्षांची होते. तू उठून गेलीस."

काकूंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. लेकीने तो झटकला नाही, पण तिची पाठ ताठ राहिली. रात्री जेवून लेक लवकर झोपायला गेली. सकाळी काकू उठल्या तर लेक आधीच टेबलाशी बसली होती, चहा गार करून.

"याचं काय करणार आहेस?" तिने विचारलं. आवाज मऊ होता.

"बाकीचे आपल्याबरोबर नेऊ. हा चौथा मंडळाला द्यावा म्हणते."

"हाच? यातच तो सगळ्यात छान दिसतोय. आपण प्रत देऊया ना त्यांना."

"प्रत आपण ठेवू," काकू म्हणाल्या. "आपल्या कपाटात तो इतकी वर्षं होताच की. कुणी बघितला? तिथे निदान कुणी जिना चढून गेलं तर त्याला दिसेल. आणि त्यात फक्त आपलाच माणूस नाही."

लेक फोटोकडे बघत राहिली. मग उठून तिने तो एका पुठ्ठ्यात नीट बांधला. सुतळीच्या गाठी मात्र नको तितक्या मारल्या.

नकाशामास्तरांनी फोटो मोजे घालून हातात घेतला. तिघी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. किल्लीवालीला काकूंनी वाटेत दुकानातून उचललं होतं. मास्तरांनी पेन्सिल काढली.

"खाली काय लिहू, वहिनी? त्यांचं नाव छायाचित्रकार म्हणून आहेच. पुढे तुमच्या घरचं..."

"आमचं शेवटी," काकू म्हणाल्या. "आधी हिच्या आईचं नाव लिहा. काय काम करायची ते लिहा. पुरात लोकांचे कपडे वाचवताना गेली, तेही लिहा. मग कडेवरची ही. मग माझा मुलगा. आणि कंसात मुंगळा."

"मुंगळा?"

"मुंगळा. जसं म्हणते तसं लिहा."

मास्तरांनी लिहिलं, सावकाश, भूगोलाच्या शिक्षकाच्या वळणदार अक्षरात. किल्लीवाली त्या अक्षरांवरून नजर पुन्हा पुन्हा फिरवत होती. तिच्या आईचं नाव तिने याआधी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं, असं तिने नंतर लेकीला सांगितलं.

खाली गाडीपाशी काकूंची खुर्ची टपावर बांधून तयार होती. निघायची वेळ झाली तशी किल्लीवाली खिडकीपाशी आली. काहीतरी तिच्या ओठांवर होतं, आणि ते तिथे बऱ्याच वेळापासून असावं.

"काकू, एक विचारू? मुंगळ्याला ती मुंगळा म्हणायची. मला काय म्हणायची?"

काकूंनी डोळे मिटले. जिना आठवला, टेबल आठवलं, त्या बाईचा आवाज आठवला, मोठा, खरखरीत. ती त्या पोरीला हाका मारायची, दिवसातून शंभरदा मारत असेल. पण त्या हाकेतला शब्द काही केल्या येईना. काहीही सांगता आलं असतं. पिल्लू, चिमणी, सोन्या. ही बाई तो शब्द मरेपर्यंत जपून ठेवील, हे काकूंना तिच्या डोळ्यांत दिसत होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलंही एक.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी लक्षच दिलं नव्हतं."

किल्लीवालीने मान हलवली. तिला वाईट वाटलं, ते लपलं नाही. पण तिने खिडकीतून हात आत घालून काकूंचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

बाजार मागे पडला. पुलावर आल्यावर लेकीने वेग कमी केला. खाली नदी अगदी शांत होती, कडेला कुणी म्हैस धुवावी तसं कुणीतरी ट्रक धूत होतं.

"त्याला काय आवडायचं?" लेकीने समोर बघतच विचारलं.

काकूंनी पदराने चष्मा पुसला, परत लावला.

"गाजर," त्या म्हणाल्या. "पण शिजवलेलं नाही. कच्चं. आणि सोललेलं चालायचं नाही, रडून घर डोक्यावर घ्यायचा."

"मीही सोललेलं खात नाही."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या, आणि पुढचं सांगायला लागल्या.